नाका पूजेत होता

पुंडलिक गावंडेच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचा, ब्रश असायचा. लहान मुलं चित्रं रंगवतात तसला, लाकडी दांड्याचा, केस जरा विसकटलेला. मस्टरवर सही करायची वेळ आली की तो माझ्याकडे पेन मागायचा, आणि तो देताना मी दरवेळी मनात म्हणायचो, बघा, याच्याजवळ साधा पेन नाही. आठ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. त्याच्याबद्दल लिहायला घेतलं तर पहिल्यांदा मला हेच आठवावं, यातच माझं सगळं आलं.

त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा हेवा वाटत होता. त्या हेव्यापोटी मी एक गोष्ट केली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती केल्यावर गप्प राहिलो. इतकी वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आमचं कॉलेज अमरावतीचं, खासगी, आणि त्याची एक शाखा अकोल्याला. मी संगणक विभागाचा प्रमुख, एमसीए झालेला, दारावर नावाची पाटी असलेला. पुंडलिक आयटीआयचा, कंत्राटी टेक्निशियन, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वलगावच्या पुढे त्याच्या घरचं वावर, त्यात भाजीपाला आणि झेंडू. पहाटे फुलं तोडून बाजारात पोचवायची आणि साडेनऊला कॉलेजात हजर व्हायचं, असा त्याचा दिवस. बोटांना झेंडूचा तो कडवट वास दिवसभर असायचा. कीबोर्डला हात लावून तो उठला की वास मागे राहायचा, आणि न बघताही मला कळायचं की हा इथे बसून गेला.

कॉम्प्युटर बिघडला की तो आधी त्यावर तळहात ठेवायचा. गुरांच्या अंगावर ठेवतात तसा. "याले दम लागून राहिला," म्हणायचा आणि खिशातला ब्रश काढून पंख्यातली धूळ झाडायला लागायचा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम भागायचं. उरलेल्या निम्म्या वेळा काय करायचं ते मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्याला हातातून.

आमच्या प्राचार्य मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पुंडलिकला विचारा." परीक्षा विभागाचा सर्व्हर चालेना, पुंडलिकला विचारा. नवे प्रिंटर कुठले घ्यायचे, पुंडलिकला विचारा. एका दिवशी मी बसून मोजलं. अकरा वेळा. त्यातल्या दोन वेळा तर मी समोर उभा होतो. घरी वायफाय बंद पडलं आणि मी गुडघ्यावर बसून वायरी तपासत होतो, तर सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, राहू द्या ना तुम्ही. गावंडेभाऊंना फोन करा." ती चांगल्या मनानेच म्हणाली. मी दोन दिवस घरात इंटरनेट येऊ दिलं नाही.

लॅबच्या दाराशी त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्याला नेटवर्कची वायर नव्हती, कुणाशी संबंध नाही, एकटाच. वर कागद चिकटवलेला: नाका. कुणाचाही पेन ड्राइव्ह आत जायच्या आधी या नाक्यावर तपासला जायचा. पेन ड्राइव्ह लावायचा, पुंडलिक थोडा वेळ बघायचा, मग म्हणायचा, "साफ हाये, जा." त्यात काही निघालं तर तो माणसाला बोलायचा नाही, पेन ड्राइव्हला बोलायचा. "कुठं कुठं फिरून आला बे तू?" प्राध्यापक, कारकून, खुद्द मॅडम, सगळे तिथे ओळीत उभे राहायचे. मीही राहायचो. पण विभागप्रमुखाने आपल्याच लॅबच्या दारात आपल्याच टेक्निशियनसमोर हातात पेन ड्राइव्ह घेऊन उभं राहायचं, हे मला सलायचं.

मग राउटरची बैठक झाली. कॉलेजने मोठा राउटर घ्यायचं ठरवलं होतं आणि विकायला आलेला माणूस सांगत होता की हा बसवला की व्हायरस बाहेरच्या बाहेर. आमचे अध्यक्ष धामणगावकडचे, कापसाच्या व्यापारातले. त्यांनी सरळ प्रश्न केला: राउटरने कॉम्प्युटरला व्हायरस लागत नाही, हे खरं का? मी तयारी करून गेलो होतो. वीस स्लाइडा होत्या. सहाव्या स्लाइडला अध्यक्षांनी जांभई दिली. मॅडम म्हणाल्या, "पुंडलिकला बोलवा."

तो आला, दाराशीच उभा राहिला.

"सायेब, राउटर मंजे वावराचं कुंपन आन फाटक," तो म्हणाला. "बाहेरचं ढोर आत येत नाई. बाहेरच्याले आपले कॉम्प्युटर दिसतबी नाई, नुसतं फाटक दिसते. फाटकाचं कुलूप बदललं, मंजे कंपनीचा पासवर्ड काढून आपला टाकला, त लय काम होते. ओळखीच्या चोराची यादी देल्ली त त्यालेबी अडवन. पन बोंडअळी कोनत्या कुंपनानं अडली का? फुकटचं सॉफ्टवेअर आपुन उतरवतो, ईमेलमदली फाइल आपुनच उघडतो. घरच्यानं ज्याले बोलावलं, त्याले राउटर पाव्हना समजते. आन पेन ड्राइव्ह त फाटकाकडं जातच नाई. थेट माजघरात."

"म्हणजे घ्यायचा की नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"घ्या ना. कुंपन त पायजेच. पन राउटर अर्धंच काम करते. बाकी अर्धं हरेक मशीनवर अँटिव्हायरस, कामाची येगळी कॉपी, आन आपला हात."

अध्यक्ष हसले. म्हणाले, आता समजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काळे सर, तुमचंही हेच म्हणणं होतं ना?" हो, हेच होतं. चौदाव्या स्लाइडवर होतं. राउटर आला, आणि त्याचं सगळं सेटिंग पुंडलिकवर सोपवलं गेलं. त्या दिवसापासून माझ्या मनात एक इच्छा मूळ धरून बसली. कधी तरी हा राउटर फसावा, आणि तो पुंडलिकचा म्हणून फसावा.

पुढचा प्रसंग मी टाळणार होतो. पण त्याच्याशिवाय पुंडलिक कळणार नाही.

मधल्या सुट्टीत सगळे डबा खायला बाहेर जायचे. पुंडलिक मात्र राउटरच्या कपाटासमोर स्टूल टाकून तिथेच भाकरी खायचा, समोरचे हिरवे दिवे बघत. मी एकदा टोमणाही मारला की याला टीव्ही बघायला दुसरी जागा नाही. एक दिवस तो खाता खाता थांबला. म्हणाला, "कोनी जाग्यावर नाई. मंग हे कोनासंग बोलून राहिलं?" एक दिवा सारखा लुकलुकत होता. त्याने वायरीचा माग काढला. वायर माझ्या टेबलाखाली आली.

मी कुठून तरी फुकट मिळालेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, कुलूप तोडलेलं, म्हणजे चोरीचं. त्याच्या पोटात हेरगिरी करणारा प्रोग्राम होता. मी काय टाइप करतो ते तो गुपचूप बाहेर पाठवत होता. दार बाहेरच्यांसाठी बंद होतं, पण हा आतून बोलत होता, म्हणून राउटरने त्याला जाऊ दिलं. पुंडलिकने भाकरी झाकून ठेवली, हात धुतले आणि तासभर बसून मशीन साफ केलं.

"सर, हे तुमच्या बोटाकडं पाहून राहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "पासवर्ड तेवढे बदलून टाका."

मॅडमनी संध्याकाळी विचारलं की नेट हळू का चाललं होतं. तो म्हणाला, "एका मशीनमदी कचरा होता मॅडम, काढला." कुठल्या मशीनमध्ये, ते त्याने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी त्याचे आभार मानायला हवे होते. उलट मला त्याचा राग आला. माझं एक गुपित आता त्याच्या खिशात होतं, त्या ब्रशशेजारी, आणि ते तो कधी वापरणार नाही हेही मला ठाऊक होतं. तो वापरेल अशी भीती असती तर माझं मन कदाचित हलकं राहिलं असतं.

आमच्याकडे खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा होते. कॉलेजातला तो दिवस म्हणजे पुंडलिकचाच. आदल्या दिवशी तो दोन्ही लॅबमधलं एकेक मशीन ब्रशने झाडायचा. नवमीला घरच्या झेंडूची दोन पोती आणायचा, दारात बसून माळा ओवायचा, बायका त्याच्याभोवती बसून हात लावायच्या. प्रत्येक मॉनिटरला माळ, हळदकुंकवाचं बोट. राउटरच्या कपाटाला मोठी माळ. टेबलावर सरस्वतीच्या फोटोपुढे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर कापायची कात्री, आणि ज्यावर तो सगळ्या कामाची कॉपी ठेवायचा ती हार्ड डिस्क. आणि नियम असा की एकदा कुंकू लागलं की ते अवजार दसरा होईपर्यंत चालवायचं नाही.

त्या वर्षी अध्यक्ष पूजेला येणार होते. मला वाटलं, या दिवसात थोडं आपलंही काही असावं. मी घरी बसून एक चित्र तयार केलं. सरस्वती, कॉलेजचं नाव, शुभेच्छा, मागे हळूहळू उमलणारं कमळ. कमळाचा हलता भाग मी इंटरनेटवरून फुकट उतरवला होता. अध्यक्ष आत आले की सगळ्या पडद्यांवर एकदम ते झळकावं, असा बेत होता.

मी पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. नाक्यावर माळ चढली होती, कुंकू लागलं होतं. पुंडलिकने सगळ्यात आधी त्याचीच पूजा केली होती.

"नाका पूजेत हाये, सर," तो माळ ओवता ओवता म्हणाला. "परवा पाहू ना."

मी बरं म्हणालो. तो नारळ आणायला खाली गेला. मी दोन्ही लॅबमधली आणि ऑफिसातली मशीनं पुन्हा सुरू केली, त्यांच्या कुंकवासकट, आणि पेन ड्राइव्ह एकेकाला लावत गेलो. मजा वाटत होती, हे मला नीट आठवतं.

अध्यक्ष आले. पडदे उजळले. सगळ्यांनी वाहवा केली. मॅडम म्हणाल्या, "काळे सर, हे तुम्ही केलं?" आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुंडलिकला विचारलं नव्हतं. पुंडलिक नारळ घेऊन दारात उभा होता. त्याने पडद्यांकडे पाहिलं, मग माझ्या टेबलावरच्या पेन ड्राइव्हकडे. जवळ आला, कुंकवात बोट बुडवलं आणि पेन ड्राइव्हवर टेकवलं.

"छान दिसून राहिलं, सर," तो म्हणाला.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं, तेव्हा एकही फाइल उघडेना. नावांच्या शेवटी भलतीच अक्षरं लागलेली. माझ्या कमळाबरोबर आलेल्या व्हायरसने सगळ्यांना कुलूप घातलं होतं. ऑफिसातून अकोल्याला जाणाऱ्या जोडणीवरून तो तिकडेही पोचला होता. अमरावतीचं सगळं पुंडलिकच्या त्या डिस्कमुळे परत मिळालं. ती पूजेत होती, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. अकोल्याची कॉपी मात्र महिन्याच्या शेवटी यायची. तिकडच्या मुलांचे अंतर्गत गुण गेले ते गेले. शिक्षकांनी दिवाळीच्या सुट्टीत कागद शोधून शोधून ते पुन्हा भरले.

अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. ते चिडले होते, आणि चिडायला त्यांना एक वस्तू हवी होती. इतका मोठा राउटर घेतला तो कशाला? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण विभाग माझा. मी म्हणालो, "राउटरचं सगळं सेटिंग गावंडेच बघतो."

वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते बोलायला मला अगदी थोडा वेळ लागला, आणि त्या वाक्याचा उपयोग काय होणार हे मला ते बोलायच्या आधीच माहीत होतं.

आता पुंडलिक पेन ड्राइव्हचं नाव घेईल म्हणून मी वाट बघत होतो. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. मग अध्यक्षांना म्हणाला, "सायेब, राउटर अर्धंच काम करते, मी तवाच सांगतलं होतं."

"म्हणजे आता मशीनच्या नावावर ढकलतो?" अध्यक्ष म्हणाले.

पुंडलिकला अकोल्याच्या शाखेत पाठवलं, तिथलं निस्तरायला. रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून जायचा. पहाटेची फुलतोड त्याच्याकडून सुटली, वावर भावाकडे गेलं. वर्षाने कंत्राट संपलं आणि पुन्हा झालं नाही. अमरावतीहून जाताना त्याने मला एवढंच सांगितलं होतं, "सर, नाका चालू ठेवसान." मी आठवडाभरात तो जुना कॉम्प्युटर उचलून अडगळीत टाकला. जागा अडते, असं कारण सांगितलं.

हेवा तरीही गेला नाही. स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी म्हणायचंच, पुंडलिक असता तर. नसलेल्या माणसाशी स्पर्धा करणं फार कठीण. तो कधी चुकतच नाही. आणि पेन ड्राइव्ह मी फेकू शकलो नाही. घरी खणात पडून राहिला.

यंदा परीक्षेच्या कामाने अकोल्याला गेलो. पेन ड्राइव्ह बॅगेत घेतला. याआधीही दोनदा घेतला होता आणि तसाच परत आणला होता. कंत्राट संपल्यावर पुंडलिक अकोल्यातच राहिला; कापड बाजारामागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एका शटरचं. दाराशी तोच जुना कॉम्प्युटर. म्हणजे तो नव्हे, तसलाच दुसरा. वर कागद: नाका. पुंडलिकचे केस पांढरे झालेत. खिशात ब्रश.

"या, सर," तो म्हणाला, जणू मी कालच आलो होतो. त्याने स्टूल पुढे सरकवलं. समोर एक बाई उभी होती, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारी. तिला नवा राउटर घ्यायचा होता. तिने तेच विचारलं. "दादा, हे लावलं का व्हायरस येत नाई ना?"

पुंडलिक सुरू झाला. वावर, कुंपण, फाटक. ढोर अडते, फाटकाचं कुलूप बदला, कंपनीचा पासवर्ड ठेवू नका. मला ते पाठ होतं. पुढचं, पाहुण्याचं वाक्य त्याच्या ओठावर आलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पन कुंपन अर्धंच काम करते, ताई," तो म्हणाला. "कवा कवा कुठूनबी येते. सांगता येत नाई."

ते वाक्य त्याने गाळलं. माझ्यादेखत म्हणून गाळलं. एका गिऱ्हाइकाला त्याने अर्धवट सांगितलं, मला लागू नये म्हणून. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला पहिल्यांदा हेवाच वाटला. हे याला जमतं कसं?

मग मी बोललो. "ताई, त्याने एक गोष्ट सांगितली नाही. घरच्याने ज्याला बोलावलं, त्याला राउटर पाहुणा समजतो. पेन ड्राइव्ह फाटकाकडे जातच नाही. आमच्या कॉलेजात असंच झालं होतं. पेन ड्राइव्ह माझा होता. दोष याच्यावर आला."

बाईला काही कळलं नाही. ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, मग उद्या येते म्हणून गेली.

पुंडलिकने खिशातून ब्रश काढला, राउटरची एक जुनी पेटी पुढे ओढली आणि तिची जाळी झाडायला लागला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"त्याच दिवशी, सर."

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीस?"

तो झाडत राहिला. "मी वाट पाह्यली. तुमी सांगसान मनून." मग पेटी उलटी करून, "अकोल्याले आलो तईबी पाह्यली. वर्षभर पाह्यली. मंग सोडून देल्लं."

त्याच्या आवाजात राग नव्हता, क्षमाही नव्हती. झालं ते तसं झालं, इतकंच होतं. मी बॅगेतून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. परत गेल्यावर अध्यक्षांना आणि मॅडमना खरं काय ते लिहून देईन, असंही म्हणालो. तसं मी दिलंय. पण त्याने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तो पेन ड्राइव्हकडे बघत होता. त्याने तो उचलला, उजेडाकडे धरला, ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडला. धूळ गेली. कडेच्या खाचेत कुंकवाचा लाल ठिपका बसला होता, तो गेला नाही. त्याने पुन्हा ब्रश फिरवला, मग सोडून दिलं.

उठून तो दाराशी गेला आणि पेन ड्राइव्ह नाक्याला लावला. पडद्यावर तपासणीची पट्टी मुंगीच्या चालीने सरकायला लागली. तो माझ्याकडे पाठ करून, हातात ब्रश घेऊन तिच्याकडे बघत उभा राहिला.

"जुना हाये, सर," तो म्हणाला. "वेळ लागन. बसा."